हिरवं बघून घेतलेली जागा

आमची जागा घेताना आम्हाला कुणी फसवलं नाही, हे आधी सांगून टाकते. लोकांना फसवणुकीची गोष्ट ऐकायला आवडते. साधाभोळा फौजी दिल्लीच्या कडेला घर घ्यायला गेला आणि दलालानं खड्ड्यातला प्लॉट त्याच्या गळ्यात मारला, असं म्हटलं की ऐकणारा मान हलवतो आणि विषय तिथंच संपतो. पण तो दलाल बिचारा भर उन्हात बराच वेळ आबांना, माझ्या वडिलांना, वरच्या अंगाचे, रस्त्यालगतचे प्लॉट दाखवत होता. खड्डा आबांनी स्वतः निवडला, हसत निवडला, आणि आईनं मान डोलावली. मी तिथंच उभी होते. संजू, माझा धाकटा भाऊ, आईच्या पदराखाली ऊन टाळत होता.

फरीदाबादच्या बाहेर तेव्हा शेतं संपत होती आणि कॉलन्या अजून उगवायच्या होत्या. गव्हाच्या कापलेल्या रानात चुन्याच्या रेघा मारून चौकोन पाडलेले. मे महिन्यातली लू अशी वाहत होती की डोळे उघडे ठेवले तर बुबुळं भाजावीत. सगळीकडे पिवळं, करपलेलं, आणि त्या पिवळ्याच्या टोकाला, जिथं जमीन खाली उतरत गेली होती, तिथं हिरवीगार हरळी. कडेला पाणकणसं उभी होती आणि एक म्हैस गळ्यापर्यंत चिखलात बसून डोळे मिटून रवंथ करत होती. आबा दलालाचं बोलणं अर्धवट सोडून तिकडं चालायला लागले. खाली बसले, मूठभर माती उचलली, दाबली, वास घेतला आणि आईकडं पुढं केली. आईनंही वास घेतला. दोघांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फक्त लग्नाच्या वरातीत पाहिलंय.

दलाल धावत आला. "फौजी साब, ये निचान है. ऊपर वाला ले लो. यहाँ पानी भरेगा."

आबा आईकडं वळले. "ऐकलंस? पाणी भरतं म्हणतोय."

"हो, ऐकलं की," आई म्हणाली, जणू कुणी जमिनीत हंडा सापडल्याचं सांगत होतं.

यात हसण्यासारखं काही नाही, किंवा आहे, पण ते आमचं आम्ही हसलेलं बरं. आई-आबा दोघंही माणदेशातले. तिकडं उंचावर माळ असतो आणि माळावर कुसळं. भाऊबंदांत मारामाऱ्या होतात त्या तळातल्या रानासाठी, ओढ्याच्या अंगाच्या, ओल धरणाऱ्या तुकड्यासाठी. आमच्या आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा तळातलं रान थोरल्याला गेलं, कारण तो गावात राहून कसणार होता, आणि फौजेत गेलेल्या आबांच्या वाट्याला माळ आला. त्या माळाबद्दल आबा कधी कुरकुरले नाहीत. पण उभं आयुष्य मनात एक तळातलं रान होतं, आणि ते त्यांना फरीदाबादच्या त्या गल्लीत मिळालं. दलालानं मनातल्या मनात देवाला हात जोडले असतील. तो प्लॉट त्याच्याकडून कुणीच घेत नव्हतं.

त्याआधी आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये क्वार्टरवर राहायचो. तिथं सगळं होतं. नळाला ठरल्या वेळेला पाणी, रस्त्याच्या कडेनं गेरू आणि चुना लावलेले दगड, कॅन्टीनमधली साखर, गणपतीत बाकीच्या मराठी घरांबरोबर मोठ्या आवाजात आरत्या. गरिबी म्हणजे काय हे मला तिथं कळलं नाही, कारण सगळ्यांकडे सारखंच होतं. मग आबांची पेन्शन आली. शहरातल्या माणसाला प्रमोशन मिळायला लागतं त्या वयात जवानाला पेन्शन येते. पेन्शन एवढीशी, पोरं शाळेत, आणि क्वार्टर सोडायचं. गावी जायचं तर माळावर काय करणार? तेव्हा सगळ्या दिल्लीत नव्या कंपन्या, नवी दुकानं, नव्या गाड्या यांचा बोलबाला होता. फौजी माणसाला गेटवर उभं करायला सगळे तयार. आबा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर लागले, माळ थोरल्या चुलत्यांना देऊन टाकला, आणि त्याच्या बदल्यात आलेल्या पैशांत हे हिरवं घेतलं.

घर आबांनी उभं राहून बांधून घेतलं. विटांच्या भिंती, वर लोखंडी गर्डर आणि गर्डरांवर लाल दगडाच्या लांबच लांब पटिया. तिकडं गरिबाघरी छत असंच असतं. एकदा घातलं की घातलं, ते खालीवर होत नाही. आबा उंच होते. घरभरणीच्या दिवशी त्यांनी हात वर करून, टाचा उचलून बघितलं, बोटं पटियाला टेकली नाहीत. "हवा खेळती राहील," ते म्हणाले. अंगणात हातपंप मारला, आणि त्या पंपाला गोड पाणी लागलं.

हे मी नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर आबांवर अन्याय होईल. त्या अख्ख्या गल्लीत पाणी खारं होतं. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, चहा फाटायचा. फक्त आमच्या तळातल्या कोपऱ्यात गोड. आबांचं नाक खोटं नव्हतं. दिवस उजाडायच्या सुमाराला आमच्या पंपाची घच्चक-घच्चक सुरू व्हायची ती शाळेची वेळ होईपर्यंत चालायची, आणि अंगणात बादल्यांची रांग. शेजारच्या कमला चाची, बिहारकडच्या, आवाज असा की कारखान्याचा भोंगा लाजावा, त्या पंप मारता मारता सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगायच्या. "ए नंदा की मम्मी, आज का बना रही हो? फिर वही हरी मिर्ची कूट रही हो का? हमरी आँख से पानी आ रहा है!" आई आतून ठेचा कुटत ओरडायची, "आओ ना, थोडा चाखके देखो!" आणि चाची खरंच यायच्या, बाजरीच्या भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून खायच्या, हाय हाय करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या. बाजरी हरियाणात चिक्कार, तेवढं एक आईचं सुख होतं. हिवाळ्यात सगळी गल्ली बाजरी खायची, पण त्यांची रोटी जाड आणि तुपात भिजलेली, आमची भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेली. आईला त्याचा फार अभिमान होता. "यांना थापता येत नाही गं," ती मला हळूच सांगायची.

एकदा टँकरवाला आला. पलीकडे नव्या सेक्टरात बिल्डिंगा उठत होत्या आणि तिथल्या लोकांना प्यायला पाणी नव्हतं. तो म्हणाला, पंप काढून मोटार बसवू, टँकर रोज भरू, तुम्ही फक्त झोपा. आबांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. आईनं नंतर विचारलं, का? आबा म्हणाले, "आपल्या गावात पाण्याचे पैसे घेतलेला माणूस बघितलायस का?" आई म्हणाली, "आपल्या गावात पाणीच कुठं होतं घ्यायला?" पण तसा माणूस तिनंही बघितला नव्हता. पुढं कॉलेजात मला याच गोष्टीचा राग यायचा. आता येत नाही. नकार बरोबर होता असंही मी म्हणणार नाही. आमच्यासारखी घरं गरीब राहतात त्याचं एक कारण हे असतं की त्यांना काही गोष्टी विकता येतात हे सुचतच नाही, आणि सुचवलं तर लाज वाटते.

गोड पाणी बारा महिने होतं. बाकीचं पाणी पावसाळ्यात यायचं. आषाढ उतरणीला लागला की सगळ्या कॉलनीचं, वरच्या कारखान्यांच्या नाल्याचं, रस्त्याचं पाणी उतारानं चालत आमच्या घरी यायचं. आई म्हणायची, "सगळ्या पाहुण्यांना बरोब्बर आपलाच पत्ता कसा मिळतो?" पहिल्या वर्षी ते उंबऱ्यापर्यंत आलं. दुसऱ्या वर्षी आत. आबांनी त्यावर फौजी उपाय काढला: जमीन उचलायची. घरातलं सामान बाहेर काढायचं, मलब्याची, म्हणजे पाडलेल्या घरांच्या राडारोड्याची, ट्रॉली मागवायची, घमेल्यांनी आत ओतायचं, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं, वरून विटा आणि सिमेंट. आम्ही चौघंही लागायचो. आई आणि आबा दोघांनी लहानपणी दुष्काळी कामावर माती वाहिलेली, त्यामुळं त्यांचा हात असा बसलेला की बघत राहावं. आई घमेलं डोक्यावर घेऊन चालायची तेव्हा माती सांडायची नाही.

मलबा दिल्लीतून यायचा. त्या वर्षांत दिल्लीतले जुने बंगले पाडून त्यांच्या जागी मजल्यांची घरं बांधायची लाटच आली होती, आणि पाडलेल्या बंगल्यांचे तुकडे आमच्यासारख्यांच्या जमिनीखाली स्वस्तात जात होते. मी आणि संजू त्या ढिगातून निळ्या फरश्या, काचेच्या मुठी, मोझेकचे तुकडे वेचायचो. "यार ताई, हे बघ, बाथरूम होतं हे कुणाचं तरी!" संजूनं एकदा कमळाचं चित्र असलेली अख्खी टाइल शोधली. आईनं ती ठेवून घेतली नाही, आबांनी ती वर दिसेल अशी बसवली नाही, ती पण खाली गेली. आजही त्या घराच्या पोटात कुणाच्या तरी श्रीमंत न्हाणीघराचं कमळ आहे. त्या घरात दरवर्षी जे काही उरायचं, पैसे म्हणा, ताकद म्हणा, रविवार म्हणा, ते सगळं जमिनीखाली गेलं. खाण्यापिण्याचे हाल आम्ही काढले नाहीत. आबा पीत नव्हते, पत्ते खेळत नव्हते. आम्ही फक्त दरवर्षी तेवढंच वर चढत होतो जेवढे बुडणार होतो.

आणि छत तिथंच. जमीन वर येत गेली तशी खिडकी खाली गेली. पहिल्यांदा मी चवड्यांवर उभी राहून तिच्यातून बाहेर बघायचे, मग कोपर टेकून, मग बसून. बाहेरची गल्लीही दर नव्या रस्त्यागणिक वर चढत होती, आणि एका श्रावणात बेडूक खिडकीतून सरळ चालत आत आला, उडी मारायचीसुद्धा गरज पडली नाही त्याला. दिव्याचं बटण गुडघ्याशी आलं. दरवाजा सुतार दर वर्षी खालून कापून द्यायचा, म्हणून आमच्याकडं येणारा प्रत्येक जण वाकून यायचा. कमला चाची म्हणायच्या, "मंदिर बना दिए हो, बिना झुके कोई अंदर नहीं आ सकता." मग छताचा पंखा काढावा लागला, कारण आबा शर्ट काढताना हात वर करायचे. त्या उन्हाळ्यात टेबलफॅन आला आणि तो संजू एकट्याच्या तोंडावर धरायचा म्हणून रोज भांडणं.

मी बारावी पास झाले ते वर्ष. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात बारावी झालेली मी पहिली, हे मी अजूनही कुणाला सांगते तेव्हा आवाज थोडा वर जातो, आणि जाऊ दे. आबांनी गेटवरच्या सगळ्यांना लाडू वाटले. कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. मुलींचं कॉलेज, बसनं जायचं, इकॉनॉमिक्स घ्यायचं असं मी ठरवून टाकलं होतं, कारण तो शब्द मला भारदस्त वाटायचा. आणि त्याच महिन्यात आमच्या गल्लीचा रस्ता पुन्हा झाला. निवडणूक जवळ आली होती. रोड रोलर आला, खडी आली, जुन्या रस्त्यावर नवा रस्ता चढला आणि आमचं घर आणखी खाली गेलं. संध्याकाळी दारात उभं राहिलं तर जाणाऱ्यांचे गुडघे डोळ्यांसमोर यायचे.

आबांनी कामावरून आल्यावर रस्ता बघितला, हातानं मोजला आणि म्हणाले, "यंदा दीड फूट उचलावं लागेल."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "नंदे, एक वर्ष थांब. पुढच्या वर्षी नक्की कॉलेज."

एवढंच. ते रागावले नव्हते, नाही म्हणत नव्हते. ट्रॉल्या आणि कॉलेज एका वर्षात होणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण गल्लीत एक वर्ष थांबलेल्या मुली मी बघितल्या होत्या. कमला चाचींची पिंकी एक वर्ष थांबली होती, तिच्या मांडीवर आता बाळ होतं. गावाहून थोरल्या चुलत्यांनी दोनदा निरोप धाडला होता, मुलगा एस.टी.त आहे, पोरीला घेऊन या. थांबलं की थांबलंच. मी उठले. पंपावर गेले आणि भरलेल्या बादलीत पुन्हा पाणी मारत राहिले. बादली वाहायला लागली तरी मारत होते. आईनं दारातून बघितलं.

ट्रॉली रविवारी यायची होती. शनिवारी संध्याकाळी आबा नेहमीसारखं खडूनं भिंतीवर नव्या जमिनीची रेघ मारत होते. चारी भिंतींवर सरळ, दोरी धरून, फौजी रेघ. आई भाकऱ्या थापत होती. तिनं शेवटची भाकरी तव्यावरून काढली, स्टो बंद केला, बाहेर गेली आणि विटा आणायला लागली. एकेका खेपेला दोन-दोन. खोलीच्या मधोमध तिनं विटांचा चौथरा रचला, बरोबर खडूच्या रेघेइतका उंच. हात पिठाचे, त्यामुळं प्रत्येक विटेवर तिची बोटं उमटली होती.

"जरा इकडं या," ती म्हणाली.

"काय चाललंय?"

"या तर. यावर उभे राहा."

"कशाला?"

"राहा म्हणते ना. विठोबा इतकी वर्षं उभा आहे विटेवर, तुम्हाला काय जड आहे?"

संजू फिसकन हसला. आबाही हसले. बायकोचं खूळ आहे, पुरवून टाकू, अशा चेहऱ्यानं चढले, गुडघ्यांवर हात ठेवून. "हं. राहिलो."

"असं नव्हे. तुमच्या परेडला उभे राहायचात तसं. सावधान."

हा शब्द आबांच्या अंगात कुठंतरी मनाच्याही आधी पोहोचायचा. टाचा जुळल्या, छाती पुढं आली, मान वर झाली, आणि डोकं पटियाला लागलं. आवाज फार मोठा नव्हता. टक्क, एवढाच. त्यांनी मान खाली घेतली, वर दगडाकडं बघितलं, आणि पुन्हा हळूच सरळ करून पाहिली, दगड चुकून मध्ये आला असावा तशी.

"मान सरळ करा की," आई म्हणाली.

"होत नाही."

"करा."

"अगं, होत नाही म्हणतोय ना!"

टेबलफॅन फिरत होता. संजूचं हसू थांबलं होतं. आबा त्या विटांवर मान वाकडी करून उभे होते, एक कान खांद्याकडं, आणि त्यांना खाली उतरायचं सुचत नव्हतं. मी आबांना कुणापुढं तसं उभं असलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता आई काहीतरी टोचून बोलेल. पण तिचा आवाज एकदम उतरला.

"अहो, आयुष्यभर सरकारपुढं ताठ उभे राहिलात. आता गेटवर ताठ उभे असता. मग घरी येऊन असं उभं राहणार का? मला नाही बघवायचं ते. पाण्यात उभे राहा, चालेल. वाकून नको." तिनं पदराला हात पुसले. "पोरगी कॉलेजला जाऊ दे. पाणी यायचं तेव्हा येईल."

आबांनी त्या वाकड्या मानेनंच माझ्याकडं बघितलं. "आणि पाणी आल्यावर हिनं अभ्यास कुठं करायचा?"

"ते तुम्ही बघा. जागा तुम्ही निवडलीत."

"आपण निवडली."

"मी नुसती मान डोलावली."

"तेच ते," आबा म्हणाले, आणि उतरले. भाकऱ्या वाढल्या गेल्या. जेवण झाल्यावर आबा उठले, तळहातानं भिंतीवरची रेघ पुसायला लागले. पूर्ण पुसली गेली नाही. त्या घराच्या भिंतीवर ती पांढरट पट्टी शेवटपर्यंत राहिली.

रविवारी आबांनी ट्रॉलीवाल्याला परत पाठवलं आणि दोघांनी मिळून दारात बांध घातला. गावाकडं ओढ्याला घालतात तसा, तळ रुंद, माथा अरुंद, थरावर थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. फक्त तिकडं पाणी राहावं म्हणून घालतात आणि इथं येऊ नये म्हणून. आई ठोकता ठोकता हसायला लागली. "आयुष्यभर पाणी आत घ्यायला मेलो, आता बाहेर ठेवायला." आबा म्हणाले, "हात तोच आहे की." दोघंही घामानं निथळत होते आणि मजेत होते. कमला चाची बांधावरून उडी मारून बादली भरायला आल्या आणि म्हणाल्या, "ई लो, अब किला भी बन गया!"

सोमवारी मी कॉलेजला गेले.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक मॅडम होत्या. त्यांनी एकदा फळ्यावर गरिबीची कारणं लिहिली. एका बाजूला घरातली: कमावणारा एक, खाणारे अनेक, शिक्षण नाही, आजार. दुसऱ्या बाजूला प्रदेशाची: पाऊस नाही, रस्ते नाहीत, कामं नाहीत. मधोमध उभी रेघ. मी ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेतही लिहिलं आणि मला चांगले गुण मिळाले. पण आमचं घर मला त्या फळ्यावर कुठं बसवावं हे कळेना. आबा प्रदेश सोडून आले होते आणि प्रदेश त्यांच्या डोळ्यांत बसून बरोबर आला होता. कोरड्या मुलखातला माणूस हिरवं बघून भुलला, हे घरातलं कारण की प्रदेशाचं? हात वर करून विचारायला हवं होतं. तेव्हा धीर झाला नाही. आता मी नोएडातल्या एका टॉवरच्या वरच्या मजल्यावर बसून हे लिहिते, बी.ए. पहिल्या झटक्यात झालेली, नोकरी केलेली, निवृत्त झालेली बाई, आणि अजूनही मला ती उभी रेघ मारता येत नाही. संजूनं हा फ्लॅट बघायला आई-आबांना आणलं होतं तेव्हा आबा आधी बाल्कनीत गेले. इतक्या उंचावरून त्यांनी खाली नजर फिरवली आणि दूरचा एक कोपरा दाखवून म्हणाले, "ते बघ, तिथं ओल आहे." आई म्हणाली, "तिकडं बघूच नका तुम्ही."

बांध टिकला का, असं लोक विचारतात. बांध टिकला. एक वीतसुद्धा खचला नाही. पाणी त्याच्यावरून आलंच नाही, ते खालून आलं. जमिनीच्या सांध्यांतून, कोपऱ्यातून, आमच्याच गोड झऱ्याचं पाणी वर चढत आलं. आबा त्याच्याकडं बघून म्हणाले, "हे आपलंच आहे, याला काय म्हणणार?"

ती माझ्या पहिल्या सहामाही परीक्षेची सकाळ होती. खाट हलली म्हणून मला जाग आली. खोलीत पोटरीभर पाणी. आईनं आबांची काळी फौजी ट्रंक विटांवर चढवून तिच्यावर स्टो मांडला होता आणि चहा उकळत होता. आबा पँट गुडघ्यांवर दुमडून, खाटेचा एक पाय दोन्ही हातांनी उचलून धरून उभे होते, आणि संजू पाण्यात हात घालून त्याखाली वीट सरकवत होता. त्याच विटा. आईच्या पिठाची बोटं केव्हाच धुतली गेली असणार, पण विटा त्याच, आबांनी त्या दाराशी रचून ठेवल्या होत्या. खाट एका बाजूनं वर गेली, मग दुसऱ्या.

"आबा, मी उतरते ना."

"उतरू नकोस, पाय ओले होतील. पुस्तक काढ."

"यार ताई, तू वजन कमी कर," संजू खालून म्हणाला.

चारी पाय विटांवर बसले. आबांनी खाट हलवून बघितली, डगमगत नव्हती. मग ते त्या पाण्यात सरळ उभे राहिले, पूर्ण सरळ, मान वर, आणि त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर मोकळी जागा होती. मी हात वर केला तर माझी बोटं दगडाला टेकली.

आईनं ट्रंकेपाशी उभं राहून ते बघितलं. "अहो, किती उचललीत! आता हिचं डोकं लागेल की छताला."

"लागत नाही," आबा म्हणाले. "ती बसूनच वाचणार आहे."